उचलू नका, सरकवा: घरातल्या रुग्णाला उठवण्या-बसवण्याबद्दल नेहमी विचारले जाणारे प्रश्न

डिस्चार्जच्या दिवशी हातात गोळ्यांची यादी पडते, पुढच्या तपासणीची तारीख मिळते. पण सत्तर-पंचाहत्तर किलोच्या माणसाला पलंगावरून संडासापर्यंत न्यायचं कसं, हे बहुतेक वेळा कोणी सांगितलेलंच नसतं. घरी जाऊन फिजिओथेरपी देताना जे प्रश्न हमखास कानावर येतात, ते इथे एकत्र केले आहेत. नुकतं ऑपरेशन झालं असेल, हाड मोडलं असेल किंवा मणक्याला मार असेल, तर तुमच्या डॉक्टरांना विचारल्याशिवाय यातलं काही करू नका.

आईला उठवता उठवता माझीच कंबर धरली. जोर लावायचा तरी कसा?

जोर कमीत कमी लावायचा, हेच खरं उत्तर. आपल्याकडे माणूस उठवायचा म्हणजे समोरून वाकायचं, दोन्ही काखांत हात घालायचे आणि "एक, दोन, तीन" म्हणत वर ओढायचं. यात तिघांचं नुकसान होतं: तुमच्या कमरेचं, तिच्या खांद्याचं आणि तिच्या पायांत उरलेल्या ताकदीचं. अर्धांगवायूत लुळ्या बाजूच्या खांद्याभोवतीचे स्नायू सैल पडलेले असतात. काखेतून किंवा दंडाला धरून ओढलं की सांधा खाली सरकतो आणि मग महिनोन्‌महिने खांदा दुखत राहतो. ब्रिटनमधल्या दवाखान्यांत काखेतून उचलण्याची ही पद्धत धोकादायक म्हणून कधीच बाद झाली आहे.

कामगारांच्या आरोग्यावर काम करणाऱ्या अमेरिकेतल्या 'नायोश' या सरकारी संस्थेतल्या संशोधकांनी २००७ साली रुग्ण हाताने उचलण्यासाठी जी मर्यादा सुचवली, ती ३५ पौंड, म्हणजे साधारण १६ किलो. तीही परिस्थिती सगळी अनुकूल असेल तर. घरातलं कुठलंही मोठं माणूस या मर्यादेत बसत नाही. म्हणूनच पट्टा, फळी, चादर, होइस्ट (माणसाला झोळीत बसवून उचलणारं यंत्र) ही साधनं. वजन तुमच्या पाठीवर न येता जागेवरून सरकावं, यासाठीच ती आहेत.

आणि हो, आईला आधी सांगा. "आता उठायचंय, पुढे वाक." न सांगता ओढलेलं माणूस घाबरून मागे रेलतं आणि तिथेच वजन दुप्पट वाटायला लागतं.

पलंगावरून व्हीलचेअरवर घेण्याची नेमकी रीत सांगा ना.

समजा बाबांची डावी बाजू कमजोर आहे, उजव्या पायावर थोडा भार घेता येतो आणि सांगितलेलं कळतं. हीच स्थिती सगळ्यात जास्त घरांत दिसते, म्हणून ती सविस्तर सांगते.

व्हीलचेअर त्यांच्या उजव्या हाताला, म्हणजे चांगल्या बाजूला लावायची. पलंगाला समांतर नाही, थोडी तिरकी; तीस ते पंचेचाळीस अंशांचा कोन पुरतो. दोन्ही ब्रेक लावायचे आणि लावल्यावर खुर्ची हलवून बघायची, कारण भाड्याच्या खुर्चीचे ब्रेक नावालाच असतात. पाय ठेवायच्या पट्ट्या वर उचलून बाजूला करायच्या. नडगीला होणाऱ्या जखमांमध्ये या पट्ट्यांचा वाटा मोठा असतो आणि मधुमेह असेल तर तेवढी जखमही आठवडेच्या आठवडे पुरते.

आता बाबांना कुशीवर वळवून, पाय खाली सोडून पलंगाच्या कडेला बसवा. बसले की लगेच उठवू नका; दोन-तीन मिनिटं जाऊ द्या. तेवढ्यात लघवीची पिशवी असेल तर ती आधी खुर्चीकडे न्या, नळीला ओढ बसत नाही ना बघा. पिशवी नेहमी ओटीपोटाच्या खाली राहिली पाहिजे. मांडीवर ठेवायची नाही, खांद्याला अडकवायची तर नाहीच.

मग त्यांना ढुंगण पुढे सरकवायला सांगा, पलंगाच्या अगदी काठापर्यंत. तळवे जमिनीला पूर्ण टेकलेले, पायांत थोडं अंतर, टाचा गुडघ्यांच्या किंचित मागे. पाय अनवाणी चालतील, मागे पट्टा असलेली सँडल चालेल. स्लिपर आणि नुसते मोजे नकोत. तुम्ही समोर उभे राहा, एक पाय पुढे, एक मागे. तुमचा गुडघा त्यांच्या डाव्या गुडघ्याला समोरून टेकवा, म्हणजे तो अचानक दुमडणार नाही. हात त्यांच्या कमरेच्या पट्ट्याला. त्यांचे हात तुमच्या गळ्यात नकोत. घाबरलेल्या माणसाची मिठी सुटता सुटत नाही आणि सगळा भार तुमच्या मानेवर येतो. त्यांचा उजवा हात पलंगावर टेकवा, तिथून ते रेटा देतील.

आता "पुढे वाका" म्हणा. डोकं पायाच्या बोटांच्या पुढे आलं की ढुंगण आपोआप हलकं होतं, आणि त्याच क्षणी "उठा". पूर्ण ताठ उभं राहायची गरज नसते. ढुंगण उचललं गेलं, की छोटी छोटी पावलं टाकत दोघांनी मिळून वळायचं. मांड्यांच्या मागे खुर्ची लागली की त्यांनी उजव्या हाताने खुर्चीचा लांबचा हात धरायचा आणि पुन्हा पुढे वाकून हळूहळू टेकायचं. धप्पकन बसू देऊ नका.

पलंगावर परत येताना घोटाळा होतो. तेव्हाही चांगली बाजू पुढे हवी, म्हणजे पलंग त्यांच्या उजव्या हाताला यायला हवा. त्यासाठी खुर्ची उलट्या तोंडाने लावावी लागते. खोली लहान असेल तर पलंग भिंतीपासून ओढून दोन्ही बाजूंना जागा करा. घरातली मांडणी दोन-चार महिने बिघडली तरी चालेल.

हा कमरेचा पट्टा म्हणजे काय? बेल्ट किंवा लुंगी धरली तर नाही का चालत?

सर्जिकलच्या दुकानात 'गेट बेल्ट' किंवा 'ट्रान्सफर बेल्ट' मागा. रुंद, जाड कापडी पट्टा असतो आणि बाजूंना धरायला कड्या शिवलेल्या असतात. सगळ्या साधनांत स्वस्त आणि सगळ्यात उपयोगी वस्तू हीच, असं माझं मत आहे. कपड्यांवरून, कमरेभोवती बांधायचा. आत दोन बोटं जातील इतपत घट्ट. बायकांच्या बाबतीत स्तन पट्ट्याखाली दबत नाहीत ना हे बघावं. लुंगी सुटते, पायजम्याची नाडी तुटते आणि पँट वर ओढली की माणसाला इतकं लाजिरवाणं होतं की पुढच्या वेळी ते उठायलाच नको म्हणतात.

हा पट्टा माणूस लटकवण्यासाठी नाही. तोल सांभाळायला आणि दिशा द्यायला आहे. पोटाचं ताजं ऑपरेशन, बरगडी मोडलेली, जेवण देण्यासाठी पोटात घातलेली नळी किंवा शौचाची पिशवी असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय बांधू नका.

पायात अजिबातच जोर नाही. मग?

कमरेखाली शक्ती नाही, पण हात आणि खांदे मजबूत आहेत, अशांसाठी सरकायची फळी. गुळगुळीत लाकडाची किंवा प्लॅस्टिकची, साधारण अडीच फुटांची. एक टोक ढुंगणाखाली, दुसरं खुर्चीच्या सीटवर, मधल्या फटीवर पूल. खुर्चीचा त्या बाजूचा हात काढता आला पाहिजे आणि दोन्ही उंची जवळपास सारख्या हव्यात. किंचित उताराकडे सरकणं सोपं जातं. फळीच्या कडेला बोटं वळवून धरायची नाहीत, चेंगरतात. उघड्या अंगाने सरकायचं नाही, कातडी फळीला चिकटते आणि सोलते. जिथे संवेदनाच नाही तिथे सोललेलं कळतही नाही आणि बेडसोरची, म्हणजे दाबामुळे-घासण्यामुळे होणाऱ्या जखमेची, सुरुवात तिथूनच होते. मणक्याला मार लागलेली तरुण मुलं सराव झाल्यावर फळीवरून एकटी गाडीत बसतात. पुण्यात खडकीच्या पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्रात जखमी जवानांचं आयुष्य अशाच कौशल्यांवर पुन्हा उभं राहतं.

हातही कमजोर असतील तर फळीचा नाद सोडा, होइस्टचा विचार करा.

पलंगावर वर सरकवताना दोघं जण खांद्याला धरून ओढतो. बरोबर आहे का?

नाही. पाठीची आणि माकडहाडावरची कातडी गादीवर घासते. बेडसोर नुसत्या दाबाने होत नाही, या घासण्या-ओढण्यानेही होतो. सरकवायची निसरडी चादर मिळते. नसेल तर जाड सुती चादर दुमडून खांद्यांपासून मांड्यांपर्यंत अंगाखाली घाला. दोघांनी दोन बाजूंनी कडा गुंडाळून अंगालगत धराव्यात, आणि गादीवरून न उचलता सरकवावं. रुग्णाला गुडघे दुमडता येत असतील तर तळव्यांनी रेटा द्यायला सांगा. हॉस्पिटलसारखा पलंग असेल तर आधी डोक्याची बाजू सपाट करा. चढावर ओढत बसू नका. मात्र नाकातून नळीने जेवण दिलं असेल तर अर्धा-पाऊण तास आडवं करायचं नाही, हे आधी लक्षात घ्या.

होइस्ट घ्यावा का? फार मोठं यंत्र वाटतं.

रोज तीन-चार वेळा दोन माणसं लागत असतील आणि घरात एकच असेल, तर घ्यावा. हाताने दांडा मारून चालणारा हायड्रॉलिक होइस्टही पुरतो. माणूस झोळीत बसतो आणि झोळी दांड्याला अडकवून वर घेतात.

पण घेण्याआधी पलंगाखाली वाकून बघा. होइस्टचे पाय पलंगाखाली गेले पाहिजेत, त्यासाठी चार-पाच इंच मोकळी जागा लागते. आपल्या फ्लॅटमधले निम्मे पलंग बॉक्सवाले. खाली गाद्या, रजया आणि लग्नात आलेली भांडी भरलेली. तिथे होइस्ट नुसता शोभेला उभा राहतो. आधी पलंग बदला, मग होइस्ट आणा.

झोळी योग्य मापाची हवी. मोठी असेल तर माणूस मधून घसरू शकतो. वर घेण्यापूर्वी चारही कड्या नीट अडकल्यात का बघा, दोन-तीन इंच उचलून थांबा, पुन्हा बघा, मगच पुढे. होइस्टचे पाय फाकवलेले ठेवायचे. व्हीलचेअरचे ब्रेक लावायचे, पण उचलताना होइस्टची चाकं बहुधा मोकळी ठेवायला सांगतात, म्हणजे तो वजनाखाली आपोआप मध्यावर येतो. तुमच्या यंत्राच्या माहितीपत्रकात काय लिहिलंय ते वाचा. आणि होइस्ट हे ने-आण करायचं वाहन नाही. लटकत्या माणसाला हॉलपासून बाथरूमपर्यंत ढकलत नेऊ नका.

व्हीलचेअर घेताना काय बघायचं?

एकच आग्रह: हात निघणारे आणि पायपट्ट्या बाजूला वळणाऱ्या असाव्यात. सगळ्यात स्वस्त खुर्चीत दोन्ही पक्के असतात आणि मग पन्नास किलोचं माणूस त्या हातावरून उचलून न्यावं लागतं. खरेदीला जाण्याआधी टेपने सगळे दरवाजे मोजा, खास करून बाथरूमचा. साध्या व्हीलचेअरची एकूण रुंदी पंचवीस इंचांच्या आसपास असते, आणि जुन्या चाळीतल्या किंवा सोसायटीतल्या बाथरूमचं दार बहुधा त्याहून अरुंद.

मग संडास-आंघोळीचं काय करायचं?

चाकांची कमोड खुर्ची अरुंद असते, ती आत जाते. खालचं भांडं काढलं की ती सरळ इंग्लिश कमोडवर बसते. भारतीय पद्धतीच्या भांड्यावर उभी करायची तर चारही पायांना सपाट जागा मिळते का बघा. एका फेरीत संडास आणि आंघोळ दोन्ही उरकतं, म्हणजे दोनदा उचलाउचल नको. उंबरठ्याला छोटा उतार करून घ्या. उंबरठा ओलांडताना खुर्ची तोंडाने पुढे ढकलली तर माणूस पुढे फेकला जातो. उलटी फिरवून मागच्या बाजूने ओढत न्यावी.

कमोडजवळ धरायला दांडा बसवा. टॉवेलच्या दांड्यावर विसंबू नका, तो माणसाच्या वजनासाठी नसतोच. टाइलसकट हातात येतो. आंघोळीनंतर साबणाच्या पाण्यात उठवाउठवी नको. आधी फरशी पुसा, अंग पुसा, मग उठवा. खुब्याचा सांधा बदललेला असेल तर कमोडवर उंच सीट लावा. बऱ्याच जणांना सुरुवातीचे काही आठवडे खुब्यात नव्वद अंशांपेक्षा जास्त वाकायला मनाई असते, आणि आपले सोफे-कमोड सगळे बुटके.

आजी वॉकरला धरून उठते. ठीक आहे ना?

वॉकर चालायला, उठायला नाही. दोन्ही हातांनी ओढलं की तो उलटा अंगावर येतो. हात खुर्चीवर किंवा पलंगावर रेटून उठायचं, उभं राहिल्यावर एकेक हात वॉकरवर न्यायचा. बसताना उलट क्रम. उंचीचं माप असं: आजी ताठ उभी, हात सैल सोडलेले, मनगटावरच्या सुरकुतीच्या रेषेशी वॉकरची मूठ यावी. काठी असेल तर दुखऱ्या पायाच्या विरुद्ध हातात. हे ऐकून दहातले आठ जण चमकतात, पण ते तसंच आहे.

साडी नेसणाऱ्या आज्यांचा पदर खोचून घ्या, निऱ्या घोट्याच्या वर. व्हीलचेअरच्या चाकात पदर गुंतणं ही कायमची भीती. पाचवारीचा हट्ट असेल तर बाहेर जातानाच नेसवा, घरात गाऊन बरा.

उठवलं की चक्कर येते म्हणतात. नाटक आहे का?

बहुधा नाही. बरेच दिवस आडवं राहिल्यावर, रक्तदाबाच्या किंवा लघवीच्या गोळ्या चालू असताना, मधुमेह किंवा पार्किन्सन्स असताना उभं राहिल्यावर दाब झपकन उतरतो. उभं राहिल्यापासून तीन मिनिटांत वरचा आकडा २० ने किंवा खालचा १० ने घसरला तर ते डॉक्टरांना कळवायलाच हवं. घरात दाब मोजायचं यंत्र असेलच. आडवं असताना आणि उभं केल्यावर मोजून ठेवा. उठण्याआधी पलंगावरच घोटे वर-खाली करायला लावा.

बाबांना विसरण्याचा आजार आहे. ऐकतच नाहीत, हात झटकतात.

मागून किंवा बाजूने जाऊ नका, समोरून, नजरेला नजर देऊन. एका वेळी एकच छोटी सूचना, आणि ती कळायला दहा-पंधरा सेकंद द्या. दोघांनी दोन्हीकडून एकदम सूचना देणं बंद करा. नाहीच म्हणाले तर दहा मिनिटांनी पुन्हा. "चला, चहा घ्यायला बसूया" हे "उठा" पेक्षा जास्त वेळा चालून जातं.

पार्किन्सन्समध्ये पाय जमिनीला चिकटल्यासारखे होतात. ओढू नका. जमिनीवर रंगीत चिकटपट्टीची आडवी रेघ मारा आणि "ही ओलांडा" म्हणा, किंवा मोठ्याने आकडे मोजा. औषधाचा अंमल असतो त्या वेळेतच आंघोळ, फिरणं ही कामं बसवा.

मधेच कोसळायला लागले तर?

झेलू नका. पट्टा धरा, त्यांना अंगाशी घ्या आणि तुमच्या मांडीवरून हळूहळू जमिनीवर टेकू द्या. डोकं सांभाळा.

पडल्यावर लगेच उठवण्याची घाई करू नका. शेजारचे धावून येतात आणि चौघं मिळून उभं करतात, हे टाळा. खुब्यात खूप दुखतंय, एक पाय आखूड आणि बाहेर वळलेला दिसतोय, डोक्याला मार आहे, रक्त पातळ करणाऱ्या गोळ्या चालू आहेत, यातलं काहीही असेल तर हलवू नका, १०८ ला फोन करा. काही नसेल तर कुशीवर, मग कोपरावर, मग रांगत्या स्थितीत आणा. समोर भक्कम खुर्ची ठेवा, त्यावर हात, चांगला पाय पुढे, आणि मागून दुसरी खुर्ची सरकवा. श्रम त्यांचे, तुमचा फक्त आधार.

गाडीत कसं बसवायचं? आणि लिफ्ट नसेल तर?

पुढची, ड्रायव्हरशेजारची सीट. ती पूर्ण मागे सरकवा, पाठ थोडी कलती करा. पाठ सीटकडे करून आधी ढुंगण टेकवायचं, डोकं वाचवायचं, मग दोन्ही पाय एकत्र आत. सीटवर प्लॅस्टिकची मोठी पिशवी ठेवली की वळणं सोपं होतं. गाडी निघण्याआधी ती काढून घ्या. दार धरून उठू देऊ नका, ते हलतं. पायावर भार घेता येत नसेल तर रिक्षाचा विचारही नको.

जिन्यासाठी प्लॅस्टिकच्या खुर्चीत बसवून चौघांनी खाली आणायची पद्धत सर्रास आहे. मला ती पटत नाही. उचलायला धरलेले हात किंवा पाय मोडले तर जिन्यातच माणूस सुटतो. रुग्णवाहिका ठरवताना "जिन्यासाठी पट्ट्यांची खुर्ची आहे का" हे फोनवरच विचारा.

मावशी ठेवल्या आहेत. आता आम्हाला शिकायची काय गरज?

मावशी सुट्टी घेणार, ब्युरो आयत्या वेळी नवीन माणूस पाठवणार. शिवाय त्यांचीही कंबर आहे. घरातल्या दोघांनी तरी शिकावं. पद्धत एकच ठरवा आणि कागदावर लिहून पलंगाशी चिकटवा: खुर्ची कुठल्या बाजूला, पट्टा कुठे, कुठला खांदा ओढायचा नाही. तीन माणसं तीन तऱ्हेने उठवतात तेव्हा रुग्ण कोणावरच विश्वास ठेवत नाही.

हे सगळं विकत घ्यायलाच हवं का? सरकारी मदत आहे का?

आधी आपल्या भागातलं रुग्णोपयोगी साहित्य केंद्र शोधा. महाराष्ट्रातल्या कित्येक गावांत ज्येष्ठ नागरिक संघ, मंदिरांचे ट्रस्ट, गणेश मंडळं अनामत घेऊन वॉकर, कमोड खुर्ची, व्हीलचेअर नाममात्र भाड्याने देतात. दोन-तीन महिन्यांच्या गरजेसाठी तेवढं पुरतं.

'मुख्यमंत्री वयोश्री योजना' २०२४ ची: वय ६५ पूर्ण, कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न दोन लाखांच्या आत, आणि साधनांसाठी एकदाच ३,००० रुपये थेट खात्यात. त्याआधी २०१७ ला केंद्राची 'राष्ट्रीय वयोश्री योजना' आली. गरीब ज्येष्ठांना काठी, वॉकर, व्हीलचेअर अशी साधनं त्यात शिबिरांतून मिळतात. साधनं पुरवते कानपूरची 'अलिम्को' ही सरकारी कंपनी. दिव्यांगांसाठी 'एडिप' योजना १९८१ पासून आहे; त्यासाठी दिव्यांगत्वाचं प्रमाणपत्र आणि यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं ओळखपत्र) काढून ठेवा. शिबिरात उभं करून मोजमाप झालं नाही तर मिळालेली वस्तू मापाची निघत नाही, तेव्हा शक्यतो रुग्णाला सोबत न्या. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची भौतिक चिकित्सा आणि पुनर्वसन संस्था आहे. गुंतागुंतीचं प्रकरण असेल तर तिथे दाखवावं.

कोणाचं तरी जुनं साहित्य मिळालंय. तसंच वापरू का?

तपासून वापरा. वॉकर आणि काठीची रबरी बुचं झिजून गुळगुळीत झाली असतील तर बदला. ती सर्जिकलच्या दुकानात सुटी मिळतात, जुनं बूच मापाला घेऊन जा. उंचीची बटणं चारही पायांत खटकन बाहेर आली पाहिजेत. व्हीलचेअरमध्ये घरातल्या धडधाकट माणसाला बसवून, ब्रेक लावून ढकलून बघा. झोळीची शिवण उसवलेली किंवा कडी विरलेली असेल तर शिवून घेऊ नका, टाकून द्या. कमोड खुर्चीच्या चाकांत अडकलेले केस काढा, म्हणजे ती सरळ चालेल.